ब्रूमची हौस असेल तर मुंबईत खुळखुळा लावा

ऊटीच्या पुढे गाडी वर चढायला लागली की गवताळ उतारांवर पिवळ्या फुलांची झुडपं दिसतात, काड्या हिरव्यागार, पानं जवळजवळ नाहीतच आणि फुलं मात्र अशी लगडलेली की सगळा उतार पिवळा. त्याला स्कॉच ब्रूम म्हणतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिथे गेलो होतो आणि परत आल्यापासून मला एकच ध्यास, हे झाड आपल्या मुलुंडच्या गॅलरीत पाहिजे म्हणजे पाहिजे. ज्यांना ज्यांना हा ध्यास लागलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण दोन सीझन आणि बऱ्यापैकी पैसे घालवून मला जे कळलं ते तुम्हाला आधीच कळलेलं बरं.

सरळ सांगते, ब्रूम मुंबईत होत नाही. ते मूळचं पश्चिम आणि मध्य युरोपातलं झाड, बर्फ पडला तरी टिकणारं, रेताड आणि जरा आंबट मातीत रमणारं, मुळाशी पाणी साचलं की संपलंच. आणि आपल्याकडे काय, पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, रात्रीसुद्धा हवा दमट, जानेवारीतली थंडी म्हणावी तर पारा १५ अंशांच्या खाली जातो तोही मोजके दिवस. मी ऑनलाइन बिया मागवल्या होत्या, ११ पैकी ४ उगवल्या, मेपर्यंत छान वीतभर झाल्या आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चारही बुंध्याशी काळ्या पडून आडव्या झाल्या. मग एका नर्सरीवाल्याने "ताई, ब्रूमच आहे हे" म्हणून साडेचारशे रुपयांना एक रोप दिलं, त्याला चिंचेसारखी जोडीजोडीने पानं यायला लागली तेव्हा कळलं की हा तर आपला तरवड. तरवड वाईट नाही हो, पण मागितलं एक आणि मिळालं एक.

आणि ब्रूम न लावण्याचं अजून एक कारण आहे जे मला नंतर वाचून कळलं आणि मनापासून वाईट वाटलं. निलगिरीतला तो पिवळा उतार तिथला नाहीच, इंग्रजांनी हौसेने आणलेलं झाड ते, आता तिथल्या मूळच्या गवताळ कुरणांवर पसरत चाललंय. त्याच्या काळ्या शेंगा उन्हात तडकून फुटतात, बिया लांब उडतात आणि कठीण सालीमुळे मातीत वर्षानुवर्षं वाट बघत पडून राहतात. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, कॅलिफोर्निया, सगळीकडे हीच कथा.

मग करायचं काय? तर खुळखुळा. काही जण घागरी म्हणतात. शास्त्रीय नाव क्रोटालारिया रेटुसा. ब्रूमच्याच, म्हणजे वाटाणा-चवळीच्या कुळातलं, फूल अगदी तसंच, मागे एक उभी मोठी पाकळी, दोन बाजूच्या आणि खाली होडीसारखी जोडलेली, पिवळंधमक आणि उभ्या पाकळीवर तांबूस रेघा. फुलांचा तुरा वीतभर ते फूटभर उंच येतो आणि खालून वर उमलत जातो. झाड तीन-चार फुटांच्या वर सहसा जात नाही म्हणजे गॅलरीसाठी अगदी मापात. आणि मुख्य म्हणजे हे आपल्या हवेतलंच झाड आहे, कोकणात, वसईकडे, खाडीच्या कडेला, रेल्वेलाइनच्या बाजूच्या पडीक जागेत आपापलं उगवतं. माझ्या सासूबाई गुहागरकडच्या, त्यांना फोटो दाखवला तर म्हणाल्या, अगं याच्या सुकलेल्या शेंगा आम्ही कानाशी धरून वाजवायचो. क्रोटालारिया हे नावसुद्धा टाळ-चिपळ्यांसारख्या वाद्याच्या ग्रीक शब्दावरून आलंय, म्हणजे गुहागर काय आणि ग्रीस काय, सगळ्यांच्या कानाला तेच ऐकू आलं.

लावण्याआधी एक गोष्ट नीट वाचा, कारण हे मी शेवटी लिहिलं आणि कोणी तिथपर्यंत पोचलंच नाही असं व्हायला नको. खुळखुळ्याच्या सगळ्या झाडात आणि खास करून बियांमध्ये विषारी अल्कलॉइड असतात जे लिव्हर खराब करतात. (ब्रूमही विषारीच आहे, फक्त त्याचं विष वेगळं.) शेंग वाजते म्हणून लहान मुलं हमखास तोंडात घालणार, त्यामुळे घरात रांगतं-चालतं बाळ असेल तर दोन-तीन वर्षं थांबा. मांजर किंवा कुत्रा पानं चावत असेल तर कुंडी त्याच्या पोचेबाहेर. छाटलेल्या फांद्या देवळाबाहेरच्या गाईला अजिबात घालू नका, गुरांनाही त्रास होतो. आणि कोणी सांगितलं म्हणून याचा काढा वगैरे तर मुळीच नको.

आता बी. नर्सरीत रोप फारसं मिळत नाही कारण त्यांच्या लेखी हे तण. बी मिळवायचा सगळ्यात चांगला काळ डिसेंबर ते फेब्रुवारी, रस्त्याकडेच्या झाडांवर शेंगा काळपट तपकिरी होऊन वाजायला लागतात तेव्हा दोन-चार शेंगा घ्या, पुरे होतात, एकेका शेंगेत १५-२० बिया असतात. नॅशनल पार्कातून मात्र काही तोडून आणायचं नाही, ते जंगल आहे आणि तिथे मनाई आहे. ओळख कशी पटवायची तर पान बघा. खुळखुळ्याचं पान एकेकटं असतं, टोकाकडे रुंद, आणि टोकाला मधोमध बारीकशी खाच, नखाने दाबल्यासारखी. त्या खाचेवरूनच रेटुसा हे नाव पडलंय. तीन-तीन पानांचा झुबका दिसला तर ती त्याची दुसरी बहीण, तिची फुलं बारकी. पान लांब अरुंद आणि झाड काठीसारखं सरळ उंच असेल तर तो ताग, शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो.

कुंडी खोल पाहिजे, कारण याचं सोटमूळ सरळ खाली जातं. १२ ते १४ इंचाची कुंडी किंवा रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा, मी डबाच वापरते, खाली पाच-सहा भोकं आणि बाजूला तळापासून इंचभर वर अजून चार, म्हणजे खालची भोकं लादीला चिकटून बुजली तरी पाणी बाजूने निघतं. ही बाजूची भोकं मी जुलैत चार रोपं घालवल्यावर शिकले. भरलेला डबा पावसात २०-२५ किलो सहज होतो, ग्रिलवर ठेवत असाल तर ग्रिल किती जुनं आहे ते आधी बघा आणि गच्चीवर ठेवायचा तर खाली विटा देऊन उचलून ठेवा, नाहीतर स्लॅब ओला राहतो आणि खालच्या मजल्यावरचे काका कमिटीच्या मीटिंगमध्ये उभे राहतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

मातीचं मिश्रण साधं. दोन भाग लाल माती, एक भाग जाड रेती किंवा विटांचे बारीक तुकडे, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत. कोकोपीट शक्यतो नको, निदान पावसाळ्यात तरी नको, ते पाणी धरून बसतं आणि इथे आपल्याला पाणी पळवायचंय. आणि एक युक्ती जी मला फार आवडते: आदल्या सीझनला ज्या कुंडीत चवळी किंवा मूग लावले होते त्यातली दोन मुठी माती यात मिसळा. खुळखुळा हवेतला नायट्रोजन मुळांवरच्या गाठींमध्ये साठवतो, त्या गाठी करणारे जिवाणू चवळी-मुगाच्या मातीत असतातच, विकतची लाल माती मात्र बऱ्याचदा मेलेली असते, त्यात काहीच नसतं. मी दोन डबे शेजारी ठेवून बघितलं, एकात चवळीची माती घातली, दुसऱ्यात नाही, महिन्याभरात पहिल्यातलं रोप गडद हिरवं आणि दुसऱ्यातलं पिवळट. सीझन संपल्यावर झाड उपटाल तेव्हा मुळं धुऊन बघा, मोहरीएवढ्या गाठी दिसतील, एखादी नखाने फोडा, आत गुलाबी निघाली म्हणजे तिचं काम चालू होतं.

पेरणीचे मुंबईत दोन मुहूर्त. पहिला, मेचा तिसरा आठवडा, म्हणजे पाऊस येईपर्यंत रोप चार-सहा पानांचं होऊन अंग धरतं. ऐन जूनच्या झडीत पेरलं तर कोवळी रोपं मर लागून कोलमडतात, उगाच जीव खाली-वर. दुसरा, गणपती विसर्जन झालं की लगेच. मला विचाराल तर गॅलरीवाल्यांनी हा दुसराच धरावा. झाड जरा बुटकं राहतं पण बुरशी कमी, किडी कमी आणि फुलं बरोबर डिसेंबर-जानेवारीत. उन्हाचा हिशेबही जमतो, थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार आतपर्यंत येतं, तीच गॅलरी जूनमध्ये सूर्य डोक्यावर असताना सावलीत असते. उत्तरेची गॅलरी असेल तर हा नाद सोडा किंवा सोसायटीच्या आवारात जागा मागा. रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर नुसती पानं वाढतात.

बियांची साल कठीण असते, तशाच टाकल्या तर काही आठवड्याने उगवतात, काही तीन महिन्यांनी, काही कधीच नाही. म्हणून सुताराकडचा पॉलिश पेपर घ्या, दोन तुकड्यांमध्ये बिया ठेवून हलकेच १५-२० वेळा घासा, चकाकी गेली की पुरे. मग कपभर कडकडीत गरम, उकळतं नव्हे, पाण्यात टाकून रात्रभर ठेवा. सकाळी ज्या फुगून दुप्पट झाल्यात त्या पेरायच्या, ज्या तशाच राहिल्या त्यांना परत एकदा पॉलिश पेपर. चहाचा कप आणि चमचा यासाठी वेगळा ठेवा बरं का, विषाचं सांगितलंय मी वर. बी अर्धा इंच खोल, एका डब्यात तीन ठिकाणी दोन-दोन. चार-पाच दिवसांत उगवतात. रोप उपटून दुसरीकडे लावलेलं याला आवडत नाही, सोटमूळ दुखावतं, म्हणून जिथे वाढवायचं तिथेच पेरा. फारच वाटलं तर कागदी कपात पेरा आणि कपासकट मातीत बसवा. बोटभर झाली की प्रत्येक जागी तगडं ते ठेवून दुसरं कात्रीने कापा, ओढू नका, शेजारच्याची मुळं हलतात.

रोप आठ-दहा इंचाचं झालं की शेंडा खुडा. बऱ्याच जणांचा हात होत नाही, माझाही पहिल्या वर्षी झाला नाही आणि मग एकच दांडा, एकच तुरा, वारा आला की आडवा. शेंडा खुडला की बगलेतून चार-पाच फांद्या फुटतात, त्या वीतभर झाल्या की त्यांचेही शेंडे एकदा खुडा. फुलं आठ-दहा दिवस उशिरा येतात पण झुडूप ऊटीसारखं भरगच्च दिसतं. सोबत एक बांबूची काठी रोवून सुतळीने सैल आठ आकड्यासारखी गाठ मारा.

पाणी बोट घालून बघून द्या. वरची इंचभर माती कोरडी झाली तरच. थंडीत साधारण एक दिवसाआड, मार्चनंतर रोज सकाळी. पावसाळ्यात डबा आत सरकवता आला तर सरकवा. खताचं म्हणाल तर हात आखडता घ्या. युरिया किंवा शेणाची स्लरी घालून झाड नुसतं हिरवं होतं आणि फुलायचं विसरतं, नायट्रोजन ते स्वतः कमावतंय ना, मग आपण कशाला द्यायचा. कळ्या दिसायला लागल्या की दोन चमचे बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, आणि एक चमचा लाकडाची राख मातीत कालवा, बास.

पेरल्यापासून तीनेक महिन्यांत पहिला तुरा येतो आणि तेव्हा एक सकाळ खुर्ची टाकून समोर बसाच. साडेआठ-नऊच्या सुमाराला काळा भुंगा येतो, तोच लाकडाला भोकं पाडणारा, घूं करत. होडीसारख्या पाकळीच्या वर टेकला की त्याच्या वजनाने ती पाकळी दबते आणि तिच्या चोचीसारख्या टोकातून परागकणांची बारीक पिवळी दोरी बाहेर येते, सोऱ्यातून शेव यावी अगदी तशी, आणि नेमकी त्याच्या पोटाला लागते. तो उडाला की पाकळी परत वर. पुढचा भुंगा आला की परत थोडी शेव. ब्रूमच्या फुलाचा खेळ एकदाच, माशी बसली की फूल फटकन उघडतं आणि झालं, याचं मात्र पुन्हा पुन्हा चालू. बारीक फुलपाखराने तेवढा भार पडत नाही, भुंगाच लागतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा गॅसवर दूध होतं, ते उतू जाऊन शेगडीभर झालं तरी मला जागचं उठवेना.

फुलपाखरं येतात ती वेगळ्याच कामाला. पाऊस सरल्यावर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, प्लेन टायगर ही मंडळी फुलावर नाही तर झाडाच्या सुकलेल्या, मोडलेल्या फांद्यांवर आणि शेंगांवर बसून सोंड फिरवत राहतात. ते बहुतेक नर असतात. मघाशी सांगितलं ते अल्कलॉइड त्यांना हवं असतं, त्यापासून मादीला ओढणारा गंध तयार होतो आणि अंगात विष भरल्यामुळे पक्षीही लांब राहतात. म्हणजे आपल्यासाठी विष, त्यांच्यासाठी अत्तर. त्यांना बोलवायचं असेल तर खुडलेली एखादी फांदी फेकू नका, सुतळीने ग्रिलला टांगून सुकू द्या आणि सकाळी तिच्यावर थोडं पाणी शिंपडा. मागच्या नोव्हेंबरात माझ्या एका फांदीवर एकाच वेळी सात ब्लू टायगर होते, मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर, समोर उड्डाणपूल आणि हॉर्न चालू असताना.

किडी दोनच त्रास देतात. कोवळ्या शेंड्यावर मावा, त्याला पाण्याचा जोराचा फवारा तीन दिवस लागोपाठ, नाही गेला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, संध्याकाळीच मारायचं, भुंगे घरी गेल्यावर. दुसरी शेंगांतली अळी. शेंगेला गोल भोक दिसलं की आत ती बिया खात बसलेली असते, मोठी झाली की काळे ठिपके असलेला नारिंगी पतंग होते. हिला मी औषध मारत नाही. भोकाच्या शेंगा तिच्या, बाकीच्या माझ्या. बियाण्यासाठी चार-पाच चांगल्या शेंगांवर जुन्या ओढणीच्या जाळीदार कापडाची पिशवी बांधते, झालं. पानांना मोहरीच्या दाण्याएवढी भोकं पडून ती चाळणीसारखी झाली तरी घाबरू नका, झाड सावरतं.

फुलं लांबवायची असतील तर तुऱ्याच्या खालच्या भागात शेंगा धरायला लागल्या की तो तुरा कापा, खालून नवीन फुटतो. जानेवारीच्या शेवटी मात्र दोन-तीन तुरे तसेच ठेवा, बियाण्यासाठी. झाड दोन वर्षं काढतं पण कुंडीत दुसऱ्या वर्षी खोड लाकडासारखं होतं आणि खालच्या जुन्या लाकडातून फूट नीट येत नाही, ही खोड त्याची ब्रूमसारखीच, त्यामुळे दरवर्षी नवीन बी पेरलेलं चांगलं. जुनं झाड उपटू नका, जमिनीलगत कापा, मुळं आणि गाठी आतच कुजू द्या आणि त्याच डब्यात मार्चमध्ये मिरची किंवा टोमॅटो लावा, खत निम्मंच लागतं.

ज्यांच्याकडे गॅलरीऐवजी सोसायटीचं आवार आहे त्यांनी कंपाउंडच्या भिंतीला धरून दोन-दोन फुटांवर पाच-सहा झाडं लावा, एकट्या झाडापेक्षा रांग शोभते. माळीदादांना मात्र आधी रोप दाखवून ठेवा, आमच्याकडे पहिल्या वर्षी सगळं तण समजून काढून टाकलं होतं. आणि मुलं खेळतात त्या कोपऱ्यात नको.

शेंगा वाजायला लागल्या की लगेच उतरवा, उशीर केला तर ऊन लागून तडकतात आणि बिया शेजाऱ्यांच्या कुंड्यांत जातात. सावलीत आठवडाभर सुकवा, कागदी पाकिटात भरा, वर साल आणि 'विषारी' असं ठळक लिहा आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा, पुढची दोन-तीन वर्षं चालतात. माझ्याकडे यंदाची अकरा पाकिटं आहेत, त्यातलं एक समोरच्या काकूंना दिलंय, त्यांची गॅलरी दक्षिणेची आहे आणि विसर्जनाला अजून तीन आठवडे आहेत.